जुन्या नाशकात हेरिटेज वॉक घ्यायचाय? आखणीपासून शेवटच्या थांब्यापर्यंत

बाहेरगावचे पाहुणे, मुलांची शाळा, सोसायटीतली मंडळी, ऑफिसातले सहकारी. कुणाला तरी नाशिक दाखवायची वेळ प्रत्येक नाशिककरावर येते. २०२७ चा सिंहस्थ जवळ येईल तशी ती आणखी येईल. बहुतेक जण रामकुंड, काळाराम, सीता गुंफा एवढं उरकतात आणि मिसळ खायला जातात. पेठा, वाडे, बाजार, गल्ल्या असलेलं खरं जुनं गाव तसंच राहून जातं. ते नीट दाखवायची ज्यांना इच्छा आहे, मग ती हौस म्हणून असो की व्यवसाय म्हणून, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

माझा आग्रह एकच आहे: दाखवता येईल तेवढंच सांगा. समोर खांब, घंटा, पायरी, पाटी असेल तर तिची गोष्ट सांगा. समोर काहीच नसताना पंधरा मिनिटं इतिहास सांगितला तर लोक ऐकत उभे राहतात, पण घरी जाताना त्यांच्याजवळ काही उरत नाही. पुढची सगळी आखणी याच आग्रहातून येते.

आधी काठ ठरवा

गोदावरीच्या डाव्या काठावर पंचवटी आहे, उजव्या काठावर मूळ गाव. एका सकाळी दोन्ही करू नका. नकाशावर अंतर किरकोळ वाटतं, पण जुन्या नाशकात चढउतार आहेत आणि दोन तासांनंतर माणसाचं लक्ष टिकत नाही.

पहिल्यांदाच नाशकात आलेल्यांना पंचवटी दाखवा, कारण त्यांच्या मनात तीच असते. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको इथे वाढलेली, पण जुन्या गावातला तिवंधा चौक कधीच न पाहिलेली नाशिकची मुलं असतील तर उजवा काठ घ्या. आपल्याच गावात इतकं काही होतं हे कळल्यावर ती मुलं पुढच्या वेळी स्वतःहून येतात.

एकट्याने चालून या

ज्या वारी, ज्या वेळी वॉक घ्यायचा, त्याच वारी त्याच वेळी संपूर्ण वाट एकट्याने चाला. सकाळी सातला मोकळा असलेला सराफ बाजार दुपारी बाराला पूर्ण वेगळा असतो. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी घाटावर गट उभा करायला जागा मिळत नाही. बाजार हाच विषय असेल तर मात्र मुद्दाम बुधवार निवडा.

चालताना वहीत पुढच्या गोष्टी लिहा: पंधरा माणसं वाट न अडवता कुठे उभी राहू शकतात, सावली कुठल्या बाजूला पडते, कुठे गाड्या लावलेल्या असतात, कुठल्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, कुठलं स्वच्छतागृह खरोखर उघडं असतं. थांबे सात-आठच ठेवा. प्रत्येक थांब्यावर पाच-सहा मिनिटं बोलणं पुरे. पंधरापेक्षा जास्त लोक घेऊ नका. मागची माणसं ऐकूच शकली नाहीत तर ती मोबाइल काढतात आणि मग गट तुटतो.

ज्येष्ठ मंडळी येणार असतील तर घरातल्या एखाद्या वयस्क माणसाला घेऊन ती वाट आधी एकदा चाला. तुमचा वीस मिनिटांचा टप्पा त्यांना पस्तीस मिनिटं घेतो.

गल्लीतल्या माणसांशी बोला

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि वॉक बिघडतो तो इथेच. जुनं नाशिक हे संग्रहालय नाही, तिथे लोक राहतात. कुणाच्या देवडीत अचानक पंधरा अनोळखी माणसं शिरली तर त्यांनी का खपवून घ्यावं?

आठवडाभर आधी जा. आपण कोण, कुणाला आणतोय, किती वेळ थांबणार हे स्पष्ट सांगा. बऱ्याच वाड्यांत मालक आणि भाडेकरू यांचे दावे वर्षानुवर्षं चालू असतात. म्हणून दोघांनाही विचारा आणि वाड्याच्या मालकीबद्दल गटासमोर एक शब्दही काढू नका. आत जायची परवानगी मिळाली तर पाच-पाच जणांना न्या, ओसरीच्या खाली चपला काढा, माजघराचे फोटो घेऊ नका. फी घेऊन वॉक घेत असाल तर त्यातला वाटा वाड्यातल्या लोकांना देणं योग्य. तो कसा द्यायचा हे त्यांनाच विचारा. काही जणांना पैसे नको असतात, पण तुम्ही काढलेले वाड्याचे चांगले फोटो छापून दिलेत तर ते आनंदाने ठेवतात.

पावसाळ्यात महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. अशा वाड्याच्या सज्जाखाली गट उभा करायचा नाही, समोरच्या बाजूने दाखवायचा. इथे तडजोड नको.

माहिती तीन कप्प्यांत ठेवा

वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने पाडा: दिसतं ते, नोंदलेलं आहे ते, सांगितलं जातं ते. नारोशंकराच्या देवळाचं उदाहरण घ्या. दिसतं ते: तटासारखी भिंत, कोपऱ्यांवर छत्र्या, दरवाजावर टांगलेली मोठी घंटा. नोंदलेलं: सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी हे रामेश्वराचं देऊळ १७४७ मध्ये बांधलं, घंटा पोर्तुगीज बनावटीची, तिच्यावर १७२१ हे साल, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली १७३९ मध्ये आणि ही घंटा त्या विजयाची खूण मानली जाते. सांगितलं जातं ते: तिचा आवाज किती कोसांवर जायचा याच्या कथा.

रकाने वेगळे ठेवले की बोलताना आपोआप शब्द बदलतात. ‘बांधलं’, ‘कोरलेलं आहे’ आणि ‘असं मानतात’ ही तीन वेगवेगळी वाक्यं आहेत. रामायणाच्या कथा जरूर सांगा, त्यांच्याशिवाय पंचवटी समजतच नाही. फक्त श्रद्धेचं विधान श्रद्धेच्या सुरात आणि कागदपत्रांचं विधान त्याच्या सुरात करा. ऐकणारे भाविक असोत की संशयी, दोघांचाही तुमच्यावर विश्वास बसतो.

अभ्यासासाठी १८४० मध्ये सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय गावातच आहे. तिथे बसून जिल्ह्याचं गॅझेटियर वाचा. घाटाची आणि देवळांची जुनी छायाचित्रं मिळाली तर मोठ्या आकारात छापून घ्या. नारोशंकराच्या घंटेवरचं साल खालून वाचता येत नाही, पण जवळून घेतलेलं छायाचित्र हातात दिलं की लहान मुलंसुद्धा आकडे शोधू लागतात. मोबाइलच्या पडद्यावर दाखवू नका, उन्हात काही दिसत नाही.

उजवा काठ: वाडे, बाजार आणि गढी

सुरुवात रविवार कारंजावर करा. चांदीचा गणपती सगळ्यांना माहीत असल्याने भेटायची जागा म्हणून ती सोयीची आहे, आणि सिटीलिंकच्या बसने तिथे पोहोचता येतं. जुन्या गावात गाडी आणू नका हे निमंत्रणातच लिहा.

तिथून सुंदरनारायण. अहिल्यादेवी होळकर पुलाजवळचं हे देऊळ गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये बांधलं. इथे लोकांना आत घाईने नेण्यापेक्षा बाहेरून दगडी कोरीवकाम बघायला वेळ द्या. नुसतं ‘बघा’ म्हणू नका, काम द्या: ‘दोन मिनिटांत या भिंतीवरचा एक प्राणी शोधा.’ मोठी माणसंसुद्धा रमतात.

मग घाटावर उतरा. देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं देऊळ आणि त्याच्यासमोरचं पटांगण हा माझा सगळ्यात आवडता थांबा आहे. सटाण्याचे मामलेदार असताना त्यांनी दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी खुला केला, आणि लोकांनी या सरकारी अधिकाऱ्याला देव केलं. मे महिन्यात याच पटांगणावर वसंत व्याख्यानमाला होते. म्हणजे हे देवाचं पटांगणही आहे आणि सभेचंही. गटाला इथे बसवा. नदीकडे तोंड करून बसलेली माणसं जास्त ऐकतात. इथेच पुराचा विषय काढा, कारण पुढच्या सगळ्या गल्ल्या त्याशिवाय कळत नाहीत. १९६९ चा महापूर अजून घराघरांत सांगितला जातो. २ ऑगस्ट २०१६ ला सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरलेलं तर तरुणांनीही पाहिलं आहे.

घाटावरून सराफ बाजारात आलात की सरकारवाडा. पेशवाईतला हा वाडा राज्य पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे. आत जायची वेळ आणि परवानगी आधीच विचारून ठेवा. आत प्रवेश मिळाला तर वाड्याची रचना समजावून सांगायला याहून चांगली जागा गावात नाही: खाली काळा दगड, वर सागवान, तळाशी फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले सुरूचे खांब, महिरपी, मधला चौक. चौकात सगळ्यांना वर बघायला सांगा. उजेड आणि वारा घरात कुठून येत होता हे सांगावं लागत नाही, दिसतं. इथे पंधरा मिनिटं गेली तरी चालतील, बाकीच्या थांब्यांवरून कापा.

सराफ बाजाराच्या रस्त्याखालून सरस्वती नाला जातो. मोठा पाऊस झाला की बाजारात पाणी का साचतं, हे तिथेच उभं राहून सांगा. मग भांडी बाजार. तीर्थाला आलेला माणूस पूजेची भांडी घेऊन परत जायचा. तांब्या-पितळेचा धंदा आणि गोदाकाठची तीर्थयात्रा अशी एकमेकांत गुंतलेली आहेत. एखाद्या दुकानदाराशी आधी ठरवून ठेवा की तो दहा मिनिटं घंगाळ, बंब, पळी-पंचपात्र काढून दाखवेल. दुकानं उशिरा उघडतात, त्यामुळे हा थांबा हवा असेल तर वॉकची वेळ त्याप्रमाणे सरकवा.

दहीपुलाकडून चढ चढत तिवंधा चौकात या. इथे पायाखाली बोट दाखवा. रंगपंचमीला उघडली जाणारी रहाड याच चौकात जमिनीखाली आहे. पेशवेकाळापासूनचे हे मोठे हौद वर्षभर बुजवलेले असतात. सणाच्या आधी ते खणून काढतात, पूजा करतात, रंगीत पाण्याने भरतात आणि मग लोक त्यात धप्पा मारतात. दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन आणि पंचवटीतला शनी चौक इथल्या रहाडीही प्रसिद्ध आहेत. खुद्द रंगपंचमीला वॉक ठेवू नका, गर्दीत गट सांभाळता येत नाही. रहाड खणायचं काम चालू असतं त्या दिवसांत ठेवा. तेव्हा काम करणारी मंडळी स्वतः माहिती देतात आणि ती तुमच्यापेक्षा चांगली देतात.

भद्रकालीचं देऊळ बाहेरून घरासारखं दिसतं, त्याला शिखर नाही. गटाला आधी देऊळ शोधायला लावा, मग आत न्या. हे शक्तिपीठ मानलं जातं.

क्रांतिकारकांचा इतिहास घ्यायचा असेल तर तीळभांडेश्वर लेनसाठी स्वतंत्र अर्धा तास ठेवा. सावरकर बंधूंची मित्रमेळा ही संघटना आणि पुढे १९०४ ची अभिनव भारत यांचा संबंध या गल्लीशी आहे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा संताप त्यामागे होता. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता हेही सांगा. इतिहासातली माणसं एका रंगात रंगवली की ऐकणाऱ्याला विचार करायला काही उरत नाही.

काझीची गढी शेवटी आणि फक्त खालून. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी या जुन्या मातीच्या टेकाडात उत्खनन केलं आणि नाशिकच्या वस्तीचा इतिहास किती मागे जातो ते दाखवलं. वर आजही लोक राहतात, पावसाळ्यात माती खचते, दरवर्षी स्थलांतराचा प्रश्न उभा राहतो. दुरूनच दाखवा आणि दोन्ही गोष्टी सांगा: खालच्या थरांची आणि वरच्या माणसांची.

मुघल काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत. तो काळ दाखवायचा असेल तर बडी दर्गा वाटेत घ्या. डोकं झाका, आधी मुजावरांना विचारा, शुक्रवारची दुपार टाळा.

पंचवटी: वरून खाली या

लोक सवयीने रामकुंडापासून सुरू करतात. उलट करा. सीता गुंफा, मग काळाराम, तिथून उतारावर कपालेश्वर, रामकुंड, शेवटी नारोशंकर. चढ टळतो आणि शेवट नदीवर होतो. बसने येणाऱ्यांना निमाणी बसस्थानक सोयीचं. सीता गुंफेतली वाट अरुंद आणि ठेंगणी आहे. गुडघेदुखी असलेल्यांना किंवा बंद जागेत घुसमटणाऱ्यांना बाहेर वडांपाशी थांबू द्या.

काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं, दगड रामशेजचा. स्थापत्य दाखवून झालं की गटाला दरवाजाबाहेर उभं करा आणि २ मार्च १९३० ला सुरू झालेला दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सांगा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेटक्या संघटनेवर हजारो माणसं या दरवाजांपाशी आली आणि दरवाजे बंद करून घेतले गेले. लढा काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. अनेक वॉकमध्ये हा भाग एका वाक्यात आटोपतात किंवा गाळतातच. गाळू नका. हे सगळं त्याच उंबऱ्यापाशी घडलं आणि तो उंबरा तुमच्यासमोर आहे. इथे आवाज मोठा करायची गरज नाही, घाई मात्र करू नका. प्रश्न येतील, त्यांना वेळ ठेवा.

चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. त्या दिवशी पंचवटीत वॉक घेणं अवघड, पण आदल्या दिवशी रथांची तयारी बघायला मिळते.

कपालेश्वरापाशी बहुतेकांच्या आधी लक्षात येत नाही की महादेवासमोर नंदी नाही. विचारून बघा, ‘इथे काय कमी आहे?’ मग आख्यायिका सांगा.

रामकुंडावर एक नियम कडक ठेवा: अस्थिविसर्जन, पिंडदान करणाऱ्या कुटुंबांचे फोटो काढायचे नाहीत, त्यांच्याकडे बोट दाखवून बोलायचं नाही. दुःखात आलेली माणसं आहेत ती. थोडं बाजूला, गंगा-गोदावरी मंदिरापाशी उभे राहा. हे देऊळ सिंहस्थातच उघडतं, बारा वर्षांतून एकदा. बंद दार दाखवूनही सिंहस्थाची सगळी गोष्ट सांगता येते: वैष्णव आखाडे इथे, शैव त्र्यंबकेश्वरी. तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या यजमानांची नावं असतात. गटातल्या कुणाला आपल्या घराण्याची नोंद शोधायची हौस येतेच. त्यांना वॉक संपल्यावर थांबायला सांगा, शोधायला वेळ लागतो.

नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती हे नाशिकचं पूर मोजायचं माप आहे. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर गावाची धाकधूक ठरते. मुलांना हा थांबा फार आवडतो.

वॉकच्या दिवशी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. थंडीत साडेसातला, उन्हाळ्यात साडेसहाला सुरू करा. जुलै-ऑगस्टमध्ये आदल्या संध्याकाळी गंगापूर धरणाच्या विसर्गाची बातमी बघा. पाणी सोडणार असतील तर घाटाचे थांबे रद्द करा, लोक कितीही म्हणोत. सिंहस्थाच्या कामांमुळे घाट आणि रस्ते मध्येच बंद असू शकतात, म्हणून वाट दोन दिवस आधी पुन्हा पाहून या.

शेवटी चालणारा एक माणूस ठरवून द्या. तो पोहोचल्याशिवाय बोलायला सुरुवात करू नका. बोलताना सूर्य तुमच्या तोंडावर असू द्या, त्यांच्या पाठीवर. कमरेला लावायचा भोंगा टाळा. सकाळी गल्लीत पूजा चालू असते, कुणी आजारी असतं. पाण्याची बाटली ज्याची त्याने आणायची, रिकामी झाली की पिशवीत परत न्यायची. फी असेल तर आकडा आधीच सांगा.

गल्लीतलं कुणी मध्येच बोलायला लागलं, ‘अहो, तसं नाही, आमचे आजोबा सांगायचे...’, तर थांबा आणि त्यांना बोलू द्या. त्यांचं म्हणणं तुमच्या नोंदीशी जुळत नसेल तर तिथल्या तिथे खोडू नका, तिसऱ्या रकान्यात लिहून घ्या.

उजव्या काठाचा शेवट तिवंध्याजवळ करणार असाल तर बुधा हलवाईची जिलेबी ठरलेलीच. खाताना लोकांना विचारा: कुठला थांबा लक्षात राहिला, कुठे कंटाळा आला? कंटाळ्याचा थांबा पुढच्या वेळी काढून टाका, मग तो तुम्हाला कितीही प्रिय असो. दोन दिवसांत वाड्यातल्या मंडळींना, दुकानदाराला, गुरुजींना फोन करा किंवा भेटून या. कुणी काय विचारलं ते सांगा, काढलेले फोटो द्या, आणि पुढची तारीख त्यांना चालेल का ते विचारूनच जाहीर करा.